नटावरची पांढरी रेघ

"एवढा बॅटरीचा लाल दिवा विझवून द्या हो," तो गाडीच्या खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "डोळे वटारून बघत असतो माझ्याकडे."

"नुसता विझवायचा असेल तर फुंकर मारा," ती म्हणाली. "दुखणं शोधायचं असेल, तर बॉनेट उघडा."

हा पुस्तकवाला. फिरत्या वाचनालयाची निळी गाडी हाकायचा. खिशात शिक्का आणि बोटांना कायम जांभळी शाई. आणि ही ठिणगी. बोलायला लागली की उडतात, म्हणून गॅरेजनेच ठेवलेलं नाव. गॅरेज काकांचं. वायरिंगचं काम त्यांनी पुतणीच्या हाती दिलं होतं, पण अट घालून : "तीन महिने. एक जरी गाडी त्याच तक्रारीने परत आली, तर तू पुन्हा काउंटरवर." त्यातले आता दहाच दिवस उरले होते.

"बॅटरी दोनदा बदलली," पुस्तकवाला म्हणाला.

"ताप आला म्हणून उशी बदललीत होय?"

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा, तो मनगटाने वर सारायचा... हे तिने पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

तिने मीटरच्या दोन तारा बॅटरीला टेकवल्या. साडेबारा व्होल्ट. "बॅटरी ठणठणीत. आता चालू करा गाडी." इंजिन घरघरलं, पण आकडा चौदाकडे चढायचा, तो उलट खाली आला. तिने वाकून इंजिनाचा पट्टा डोळ्यांखालून घातला, ताठ होता. मग वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीला तार टेकवली. पंधरा!

"वीज बनतेय. पोचत नाहीये."

"मध्ये कोण अडवतंय?"

"तेच बघते. बंद करा."

बॅटरीची जोडणी सोडवून तिने जाड वायर टोकापासून टोकापर्यंत वीतवीत चाचपली, आंधळ्याने ओळखीची वाट चाचपावी तशी. अल्टरनेटरपाशी काळी रबरी टोपी होती. ती उचलली तर खाली सैल नट, आणि हिरव्यागार गंजाने खाल्लेलं वायरचं टोक. तिने ते कापलं, नवं बसवलं, नट आवळला. मग बारीक ब्रशने नटावरून बोल्टवर एक पांढरी रेघ ओढली.

"हे काय? तीट?"

"माझी खूण. नट केसभर फिरला, तरी रेघ तुटते. मग मला कळतं."

गाडी सुरू झाली. दिवा क्षणभर पेटला... आणि विझला. तो बघतच राहिला. "झालं काय नेमकं?"

"दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखा जोर असला की तो विझतो. एकाच बाजूची ओढ असेल, तर पेटून राहतो."

"मग माझा पेटलेलाच म्हणायचा सध्या," तो हळूच म्हणाला.

"बॉनेट जपून लावा," ती म्हणाली. पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

आठव्या दिवशी निळी गाडी पुन्हा दारात. दिवा लाल! काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "ठिणगे, हीच ना ती?"

मुदतीला दोनच दिवस होते. तिने बॉनेट उघडलं, टोपी उचलली. रेघ मधोमध तुटलेली. नटावरचा तुकडा पार पाठ फिरवून बसलेला. आणि टोपीच्या आतल्या अंगाला, स्वच्छ उमटलेला एक जांभळा अंगठा.

पुस्तकवाला भिंतीवर टांगलेले नट आवळायचे पाने पुस्तक वाचल्यासारखे निरखत होता.

"थरथरीने नट एक वेळ सुटेल," ती दबक्या आवाजात म्हणाली, "पण थरथरीच्या बोटांना शाई नसते."

"मला... यायला काहीतरी निमित्त—"

"तोंड नव्हतं? सैल वायर तापते, आणि मागे हजार पुस्तकं आहेत तुमच्या! वर तक्रार परत आली म्हणून हे काम जाईल माझं."

त्याचा चेहरा उतरला. हे त्याला ठाऊकच नव्हतं. "काकांना मी सांगतो."

"सांगाच. आणि सगळं सांगा. अर्धं चालायचं नाही."

तो गेला. गॅरेजभर ठोकाठोक थांबली.

"काका, काम चोख होतं. नट मी सैल केला."

"का रे बाबा?"

"तुमची पुतणी आवडते मला. सांगायची हिंमत झाली नाही, पाना उचलायची झाली."

कोपऱ्यातून कुणीतरी शीळ घातली. काकांनी त्याचा अंगठा धरून उजेडात पाहिला. "एवढी पुस्तकं वाचलीस, आणि एका वाक्याला आठ दिवस?" मग पुतणीकडे वळून म्हणाले, "गाडी परत आली असं मी धरत नाही. वायरिंग तुझंच. माणूस परत आलाय, त्याचं काय ते तू बघ."

तिने सगळं साफ केलं, नट आवळला, नवी रेघ ओढली. गाडी सुरू झाली आणि दिवा विझला.

"विझला," तो सीटवरून म्हणाला. "पण माझा?"

ती खिडकीशी आली. ब्रश अजून ओला होता. तिने त्याचा जांभळा अंगठा ओढून घेतला, आपलं बोट त्याला चिकटवलं, आणि दोन्हींवरून एक सरळ पांढरी रेघ ओढली.

"केसभर जरी फिरलास ना," ती म्हणाली, "मला कळेल."