ञ मोजायचा की नाही?

वाचनालयातल्या साप्ताहिकाचं शेवटचं पान कुणीतरी माझ्याआधीच सोडवून ठेवलं होतं. पुन्हा! गुप्तलिपीचं कोडं, पेन्सिलीचं नाजूक अक्षर, आणि खाडाखोड म्हणून नाही... माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"कोण हा शहाणा?" मी पुटपुटले.

"शहाणा खुशाल म्हणा, पण पान जरा लांब धरा," समोरच्या खुर्चीतून आवाज आला. "नाक टेकतंय कागदाला. डोळे तपासून घ्या."

"तुम्ही कोण, डॉक्टर?"

"चष्मेवाला. कोपऱ्यावरच्या दुकानात असतो."

"मी औषधांच्या दुकानात. डॉक्टरांचं अक्षर वाचते रोज. त्यापुढे तुमची ही गुप्तलिपी म्हणजे किस झाडकी पत्ती!"

तो हसला. हसताना आधी त्याचे डोळे हसायचे, मग तो.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही एकाच पानात डोकं खुपसू लागलो. सगळ्यात जास्त वेळा आलेलं अक्षर तो हुडकायचा; मी वाक्याचं शेपूट धरायची, कारण मराठी वाक्य फिरून फिरून 'आहे'वरच येऊन बसतं. ते कोडं सुटलं की एकमेकांना आमची कोडी घालायची. आमची लिपी सोपी होती. प्रत्येक व्यंजन दोन घरं पुढे सरकवायचं, काना-मात्रा जागच्या जागी. क चा ग, ख चा घ... आणि शेवटी ह आला की ळ ओलांडून पुन्हा पहिल्या क वर.

भांडण एकच. ङ आणि ञ.

"मोजायचे," तो म्हणायचा. "वर्णमालेत उभे आहेत ना?"

"नुसते उभे आहेत! ञ पासून सुरू होणारा एक शब्द सांगा, मग मोजते."

"अहो, हा हट्ट कधीतरी नडेल तुम्हाला."

"बघू!"

इतकं गोड भांडणारा माणूस मी पाहिला नव्हता. आवडायला लागला होता मला तो... लपवू कशाला?

आणि एका सकाळी मावशीने बातमी आणली. दुकान तिचंच, त्यामुळे गावभरच्या बातम्या आधी आमच्या काउंटरवर येतात. "तो चष्मेवाला चालला म्हणे. काकांचं दुकान आहे दुसऱ्या शहरात. येतो की नाही ते आज कळवायचंय त्याला."

मला मात्र त्याने अवाक्षरही सांगितलं नव्हतं! डोळे तपासायचं निमित्त करून मी तडक त्याच्याकडे गेले.

मला बघून तो गडबडला. खुर्चीत बसवलं, दिवा लावला. समोरचा अक्षरांचा तक्ता नवा होता, हाताने लिहिलेला.

"वाचा."

"राटी," मी पहिली ओळ वाचली. "हा काय शब्द झाला?"

"दोन घरं मागे..." तो भिंतीकडे बघत म्हणाला.

दुसरी ओळ होती 'रैद्वीथ'. तिसरी नुसतीच धूसर. मी पर्समधली पेन्सिल काढली आणि एका पावतीच्या पाठीवर अक्षरं मांडली. र चा म. ट च्या मागे झ, त्याच्या मागे ज...

माजी मैत्रीण.

अच्छा! म्हणजे मी आत्ताच माजी झाले होते. मी उठले. "कळलं. सुखाने जा."

"अहो, पण तिसरी ओळ—"

"दिसत नाही मला!" आणि खरंच दिसेना. डोळे भरून आले होते.

"म्हणजे... उत्तर 'नाही' असं समजू?" त्याचा आवाज एवढासा झाला होता.

"काय समजायचं ते समजा!"

दुकानात परत आले ती धुमसतच. एका आजोबांना दहा गोळ्या हव्या होत्या. मी पट्टीवरची घरं मोजून ती पुढे सरकवली. मावशीने ती वरच्यावर उचलली.

"लक्ष कुठंय तुझं? दोन गोळ्या गेल्यात यातल्या. रिकामी घरंसुद्धा मोजलीस की तू!"

रिकामी घरं... मी जागीच थबकले. तोही मोजायचा रिकामी घरं. नेहमीच मोजायचा! ट च्या मागे ञ. ञ च्या मागे झ.

माजी नव्हे. माझी.

"मावशी, आले हं मी!"

"अगं, गिऱ्हाईक उभं आहे—"

पण मी रस्त्यावर होते.

तो फोन हातात घेऊन उभा होता. तक्ता अर्धा उतरवलेला.

"थांबा! तिसरी ओळ राहिलीय माझी."

त्याने तक्ता पुन्हा टांगला. चाचणीची जड फ्रेम माझ्या नाकावर ठेवली, भिंग सरकवलं.

"आता?"

"अजून धूसर."

त्याने भिंग बदललं. "आता?"

को... सी... श. या वेळी पेन्सिल लागली नाही. होशील? आजवर अहो-जाहो करणारा हा माणूस अक्षरांआडून मला 'तू' म्हणत होता!

"काकांना कळवलंत?"

"फोन लावतच होतो. ते आधीच म्हणालेत, गावातच राहायला कारण असेल तर खुशाल राहा." त्याने फोन टेबलावर ठेवला. "आहे का... कारण?"

"को," मी म्हटलं.

तो गोंधळला. मग बोटांवर मोजू लागला. "क... ळ..." आणि मध्येच थांबून घाबऱ्याघुबऱ्या आवाजात विचारतो कसा, "ञ मोजून की न मोजता?"

"यात ञ येतच नाही, वेड्या," मी म्हटलं. "कसंही मोजलंस तरी तेच येतं."