पण तो परत येतो ना!

चष्म्याचं नवं दुकान काढलेला माणूस माझ्या वाचनालयाच्या काचेच्या दारावर थाडकन आदळला, तेव्हा मी हसायला नको होतं. पण हसले. अगदी पोट धरून हसले. दार मीच सकाळी पुसून लख्ख केलं होतं, म्हणजे थोडा दोष माझाही होता. पण समोरच्या बाजूला ‘डोळे तपासून मिळतील’ अशी हातभर पाटी लावणाऱ्यानं निदान दार तरी बघावं की नाही?

“काच फार स्वच्छ आहे हो तुमची,” कपाळ चोळत तो म्हणाला.

“चष्म्याची नाही वाटतं?”

त्यानं चष्मा काढून उजेडात धरला. खरंच पुसलेला नव्हता... आणि चष्म्याशिवायचे त्याचे डोळे इतके गोंधळलेले, इतके भाबडे दिसत होते, की माझं हसू आपोआप मवाळ झालं.

तो दुकानाची पत्रकं ठेवायला आला होता. मी त्याला ओला रुमाल दिला, खुर्ची दिली आणि कपाळावरचं टेंगूळ बसेपर्यंत हलू नका म्हणून दम दिला. तेवढ्यात माझी माणसं जमायला लागली. महिन्यातून एकदा आमच्याकडे वाचकांची संध्याकाळ असते. सगळ्यांनी एकच पुस्तक आळीपाळीनं वाचायचं, मग गोल बसून आपापलं मत द्यायचं. त्या महिन्यात होती एक जाडजूड ऐतिहासिक प्रेमकादंबरी. सेनापती आणि किल्लेदाराची मुलगी! ती रद्दीवाल्याकडून आली तेव्हा तिला ना कव्हर होतं, ना शिवण. सुट्या कागदांचा नुसता गठ्ठा. माझ्या बाबांनी तिला पुन्हा पुस्तकाचा जन्म दिला होता.

बाबा बुकबाइंडर. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल, खळीचा डबा, सुया-दोरे आणि पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र. आई गेल्यावर बाबा त्या खोलीमुळेच तगले, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ते येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायचे, “ज्या दिवशी माझ्या हातून एक पान सुटेल ना, त्या दिवशी सुई खाली ठेवीन.” लोकांना ती गंमत वाटायची. मला वाटायची नाही. अलीकडे ते चहा ओतताना कप बोटांनी चाचपून बघत, आणि डोळे दाखवा म्हटलं की, “माझे डोळे माझ्या बोटांत आहेत,” म्हणून विषय संपवत.

तर त्या संध्याकाळी सुरुवात केली आमच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी.

“त्या लेखकाला समोर उभं करून जाब विचारला पाहिजे! सेनापती घोड्यावर बसून गेला तो गेलाच. आणि ती पोरगी? खिडकीत उभी! संपलं पुस्तक! अहो, तिला निदान खाली तरी बसवायचं!”

“तेच तर सौंदर्य आहे,” औषधाच्या दुकानाचे काका कळवळून म्हणाले. “आयुष्यात माणसं परत येत नसतात, बाई. मी जन्मभर डोळ्यांत घालायचे थेंब विकले, पण या पुस्तकानं मला ते फुकट दिले.”

“तुम्हाला काय, तुम्ही जाहिराती बघूनही रडता!”

झालं! दोघांची जुंपली. मागच्या खुर्चीत बाबा खूश होऊन ऐकत होते, कारण भांडण कितीही झालं तरी बांधणी सुरेख झालीये यावर दोघांचं एकमत होतं. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून, कपाळावर ओला रुमाल धरून, आमचा चष्मेवाला म्हणाला,

“पण तो परत येतो ना!”

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

“म्हणजे... शेवटच्या प्रकरणात. माझ्या आईची फार आवडती कादंबरी आहे ही. तो पहाटे येतो, दाढी वाढलेली, पहारेकरीसुद्धा त्याला ओळखत नाहीत, आणि ती वरून—”

“अहो, कुठलं शेवटचं प्रकरण?” बाईंनी पुस्तक त्याच्यासमोर नाचवलं. “खिडकीत उभी राहिली, पूर्णविराम, पुठ्ठा!”

मला एका क्षणात कळलं. पुस्तक शिवतात ते सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी. शेवटची एक घडी राहूनच गेली होती. आधीचं प्रकरण नेमकं पानाच्या तळाशी संपत होतं, म्हणून कुणाला शंकाही आली नव्हती. मी बाबांकडे बघितलं. ते अजून हसतच होते, पण ‘प्रकरण’ या शब्दाशी त्यांचा हात गुडघ्यावर थबकला होता.

मी चष्मेवाल्याकडे बघून मान हलवली. अगदी एवढीशी... नको, प्लीज.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे, त्यांच्या बोटांना वाळलेल्या खळीकडे, दोऱ्यानं बांधलेल्या चष्म्याकडे, ऐकताना किलकिले होणाऱ्या डोळ्यांकडे. आणि मग हा माणूस, ज्याची माझी ओळख जेमतेम एका टेंगळाएवढी होती, कानामागे खाजवत म्हणाला, “नाही हो... माझंच चुकतंय. दुसऱ्याच कुठल्या तरी पुस्तकाचा शेवट सांगतोय मी. खरं सांगायचं तर, ही मी पुरती वाचलेलीच नाही.”

“मग मत कशाला देता?” बाई कडाडल्या. “शाळेत असता तर बाकावर उभं केलं असतं!”

“परत येतो म्हणे!” काकांनी डोळे पुसता पुसता हसून घेतलं. “या हं पुढच्या महिन्यात, परतराव!”

सगळी खोली हसली. तोही हसला. कान मात्र लालबुंद झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानात गेले. बाहेर भुरभुर पाऊस होता, आत काचेच्या कपाटांत ओळीनं चष्मे, आणि मधोमध परतराव फडकं घेऊन स्वतःचाच चष्मा घासत बसलेले.

“आज पुसलात!”

“लोक हसतात,” तो गंभीरपणे म्हणाला.

“मी हसण्याबद्दल बोलायला नाही आले. मी...” मी ओली छत्री कोपऱ्यात टेकवली. “काल तुम्ही खोटं बोललात. माझ्या बाबांसाठी. तुम्हाला ते ठाऊकसुद्धा नव्हते. मी तुमचे आभार कसे मानू, मला खरंच कळत नाहीये.”

“सोपं आहे. पुस्तक वाचा.” त्यानं काउंटरखालून एक जुनं पुस्तक काढलं. “आईचं. शेवटचं प्रकरण आहे त्यात.”

“वर्गणी किती?”

“एक अभिप्राय. तुमचा.”

“मी मत देत नसते. वाचनालय चालवणाऱ्यानं एक पुस्तक चांगलं म्हटलं की बाकीची बिचारी कपाटातच राहतात. माझा नियम आहे.”

“मग पुस्तक माझ्याकडेच राहू द्या...” तो ते सावकाश मागे ओढायला लागला. मी दुसरं टोक पकडलं. काही क्षण सेनापती आमच्या दोघांच्या मधे अडकून राहिला, आणि मग त्यानं हात सोडला.

डोळे तपासायच्या उंच खुर्चीत बसूनच मी ते प्रकरण वाचलं. अक्षरं पुसट व्हायला लागली, आणि ते काही नंबर बदलल्यामुळे नव्हे.

“आला हो तो,” मी नाक पुसत म्हणाले.

“सांगत होतो ना,” तो हळूच म्हणाला. माझ्याकडे बघत होता आणि मी बघितलं तरी त्यानं नजर काढली नाही. मग मीच काढली.

वेंधळेपणा मात्र मी केला तो घरी. पुस्तक जेवणाच्या टेबलावर राहिलं. सकाळी उठून बघते तर बाबांच्या एका हातात त्याची प्रत, दुसऱ्या हातात आपली. वजन बघत होते. मग अंगठ्यानं एकेक घडी मोजली. दोन्ही पुस्तकं खाली ठेवली आणि म्हणाले, “ते पोरगं खरं बोलत होतं तर.”

बस. एवढंच. मागच्या खोलीचं दार त्यांनी ओढून घेतलं. खळ वाळून गेली, यंत्र रिकामं, आणि बाबा खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसलेले. चार दिवस असेच गेले. मी समजावलं, रागावले, रडले. “बोललो होतो तसं केलं,” याच्यापुढे त्यांची गाडी जाईना. आई गेली तेव्हाचेच ते डोळे पुन्हा दिसायला लागले आणि मी मनातून हादरले. ते काम गेलं तर बाबाही हळूहळू जातील, हे मला ठाऊक होतं.

शेवटी मी रस्ता ओलांडून गेले आणि परतरावांना सगळं सांगितलं. त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, छत्रीही घेतली नाही आणि तडक आमच्याकडे आले. काचेच्या दाराशी थांबून आधी हातानं चाचपलं, मग आत शिरले.

“काका, आईच्या पुस्तकाची शिवण सैल झालीये. बांधून द्याल?”

“माझ्या हातून पानं सुटतात,” बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “दुसरीकडे द्या.”

“बरं.” तो त्यांच्यासमोर स्टुलावर बसला. “काका, मी चष्मे विकतो. आणि या गल्लीत आल्याआल्या, भर उजेडात, तुमच्या दारावर डोकं आपटून घेतलं. तुमच्या मुलीला विचारा, किती हसली ती.”

“हसली?”

“पोट धरून. पण मी दुकान बंद केलं का? नाही. चष्मा पुसला.”

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. ओठांच्या कडेला काहीतरी हललं आणि एकदम फुटलंच, चार दिवस अडवून ठेवलेलं हसू.

“चला,” तो म्हणाला, “आधी डोळे, मग पुस्तक.”

तपासल्यावर त्यानं सरळ सांगितलं, हे चष्म्याचं काम नाही, मोतीबिंदू आहे, डॉक्टरांकडे जायचं. जाताना तो आमच्याबरोबर आला. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसून राहिला आणि चहा आणून द्यायचं तेवढं काम सारखं करत राहिला. मला तहान नव्हती. तरी प्यायले सगळे कप.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर, सांभाळायचे दिवस संपल्यावर, बाबा प्रथम मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं आतून अशी आरोळी आली की मी धावतच सुटले. बाबा जमिनीवर बसले होते. टेबलाचा एक पाय लहान होता, डुगडुगायचा, म्हणून त्यांनी त्याखाली कागदाची घडी सारली होती. तीच आता त्यांच्या हातात होती.

“अगं, सेनापती!” बाबा हसता हसता रडत होते. “इतके दिवस टेबलाच्या पायाखाली होता गं बिचारा! मला वाटलं रद्दी!”

त्यानंतरच्या वाचकांच्या संध्याकाळी बाबा स्वतः उभे राहिले. नव्यानं शिवलेलं पुस्तक हातात धरून म्हणाले, “मंडळी, चूक माझी होती. गोष्ट संपलीच नव्हती. एका माणसाला हे माहीत होतं, आणि तुम्ही त्याला हसलात, तरी त्यानं माझी लाज राखली.” मग त्यांनी पुस्तक बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. पहाट झाली, सेनापती आला, पहारेकऱ्यांनी अडवला, आणि तिनं वरून त्याला नावानं हाक मारली. औषधवाले काका याही शेवटाला रडले. “तरी मला आधीचाच बरा वाटला,” एवढं म्हणून घेतलंच त्यांनी. बाईंनी पुस्तक मिटलं.

“परतराव, बाकावरून उतरा. माझं चुकलं.”

“मी केव्हाच उतरलो, बाई.”

“आणि तू गं?” बाई माझ्याकडे वळल्या. “वर्षानुवर्षं आमची मतं ऐकतेस. आज तुझं सांग.”

“माझा नियम आहे—”

“ठेव तो बाजूला,” मागून बाबा म्हणाले.

परतराव चष्मा काढून पुसत होते. पुन्हा तेच गोंधळलेले डोळे. मला हा माणूस हवा होता. माझ्या बाबांना त्यानं परत आणलं होतं म्हणून, आणि त्याहून जास्त, तो असा होता म्हणून. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं.

“मला... नायक आवडला,” मी म्हणाले. “त्याचं खरं होतं. तरी दुसऱ्याचं मन मोडू नये म्हणून तो स्वतः खोटा ठरला, सगळे हसले, आणि हा गप्प बसला. असा माणूस मी आजवर वाचला नव्हता. आणि... मला तो फार, फार आवडला.”

औषधवाले काका घाईनं पानं उलटायला लागले. “हे कितव्या प्रकरणात आहे? माझ्याकडून सुटलं की काय?”

“गप्प बसा हो!” बाईंनी त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

परतराव उभे राहिले. चष्मा हातातच. कान लाल.

“मग... पुढे काय होतं त्या नायकाचं?”

“ते तू सांग,” मी म्हणाले. पहिल्यांदाच तू. “शेवट तुलाच आधी माहीत असतो.”

“तो परत येतो,” तो म्हणाला. “रोज. दार उघडं असलं तर सरळ आत.”

“आणि बंद असलं तर?”

“तर... आदळतो.”

सगळी खोली हसली, आणि त्या हसण्यात मला रडू आलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त त्याच्या आलं. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

बाबा उठले. काचेचं दार त्यांनी सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून खाली सारायला कागदाची एक घडी शोधली. वाकले, थांबले, आणि उजेडात धरून ती आधी नीट वाचून बघितली. मग सारली.