फलकावरच्या मुंग्या

काळूराम तोडणकरला विहिरीतून वर काढलं त्याला तीन दिवस झाले होते. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता बोर्ली पंचतनच्या बाजारातल्या वार्ताफलकावर त्याचं अक्षर पुन्हा उमटलं.

खडूनं नाही. मुंग्यांनी.

बारीक लाल मुंग्या काळ्या फळ्यावर ओळी धरून फिरत होत्या. एक काना, एक वेलांटी, मग अख्खा शब्द. शब्द हलत होता आणि जागचा सरकत नव्हता. मासळीवाल्या नीराबाईनं पाटी खाली टेकली आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई गं! हा तर काळूचाच हात!"

झालं. अर्धा बाजार चार पावलं मागं सरला. दोन दिवस पहाटेच्या दवात फळ्यावर धूसर रेघा दिसत होत्याच, पण त्या डोळ्यांचा भास म्हणून सोडून देता येत होत्या. मुंग्यांना भास कसं म्हणायचं?

मागं सरली नाही ती एकटी रेहाना मुकादम. शाळेत गणित शिकवणारी, चष्मेवाली, लग्नाला गेली तरी आधी खुर्च्या मोजणारी बाई. सध्या तिची ड्युटी निवडणुकीच्या व्हिडिओ पाहणी पथकात होती. प्रचारसभांचं चित्रीकरण बघायचं आणि खुर्च्या किती, गाड्या किती, भोंगे किती ते लिहून काढायचं, म्हणजे उमेदवारानं दाखवलेला खर्च खरा की खोटा ते कळतं. तिच्या आवडीचंच काम! पण त्या सकाळी फळ्याला हात लावायचं धाडस तिलाही झालं नाही, उगीच खोटं कशाला बोला.

काळूरामला ती लहानपणापासून ओळखत होती. जिल्ह्याच्या पेपराला तो बातम्या पाठवायचा. पेपर जी छापायचा नाही ती रोज दुपारी स्वतःच्या हातानं या फळ्यावर लिहायचा. बावीस वर्षं. आणि बुधवारी सकाळी याच फळ्यावर गावानं वाचलं होतं:

"किनारा जागृती मंचाविरुद्ध मी दिलेल्या बातम्या खोट्या होत्या. त्यासाठी मी पैसे घेतले. लोकांनी मला माफ करावं. काळूराम तोडणकर."

तासाभरात छापखान्यामागच्या माडांच्या वाडीतल्या विहिरीत तो सापडला. वादळात माड पडून त्या विहिरीचा कठडा फुटला होता, तो कुणी बांधलाच नव्हता. पैसे खाल्ले, लाज वाटली, जीव दिला: गावानं दोन दिवसांत निकाल लावून टाकला. त्याच्या बायकोच्या, कोकिळाच्या दारात कुणी धड बसायलाही जाईना.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा." दयाराम चोगले काळ्या रंगाचा डबा घेऊन आला. बाजारातला एकमेव छापखाना त्याचा, फळ्याला अगदी लागून. काळूरामचा शाळेपासूनचा सोबती. चार दिवसांत त्याचे डोळे खोल गेले होते. "गणराजनं सांगितलंय, मंचाच्या खर्चानं फळा नवा करा. वहिनीनं रोज उठून हे बघायचं म्हणजे काय?"

गणराज म्हणजे किनारा जागृती मंचाचा चिटणीस; निवडणुकीच्या दिवसांत मंच गावोगाव सभा घेत होता.

"आज नको, दयारामभाऊ," रेहाना म्हणाली.

"का?"

"कोकिळावहिनीला विचारल्याशिवाय नको. बरं, तुम्ही पोलिसांना सांगितलंत ना, काळूभाऊला लिहिताना पाहिलं म्हणून?"

"पाहिलं तर. मंगळवारी चार वाजता. मंचाची सभा सुरू व्हायच्या आधी."

"हाच माफीनामा?"

"हाच. दुकानाच्या दारातून बघत होतो मी. आधीचं सगळं पुसलं आणि हे लिहिलं."

"मग सभेला आलेल्या एवढ्या माणसांपैकी कुणीच कसं वाचलं नाही?"

"भोंग्यांचा टेम्पो उभा होता ना फळ्यापुढं! माझ्या दारातूनच काय ते दिसत होतं."

ते खरंच होतं. काळूरामच्या बातम्या मंचाला झोंबायच्या, म्हणून टेम्पो मुद्दाम तिथं लावला होता. लोकांनी फळा पाहिला तो थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

दयारामनं डबा पायरीवर ठेवला, पण ब्रश काही हातातून सोडला नाही.

कोकिळा फळ्यापुढं आली तेव्हा ऊन वर चढलं होतं. तिनं मुंग्यांकडं पाहिलं, आणि चार दिवस न रडलेली ती बाई मटकन खाली बसून रडली.

"साखर हाय ती, रेहाना."

"कसली साखर?"

"खडू साखरंच्या पाण्यात भिजवून द्यायची मी त्यास्नी. रोज दुपारी, वाटीत. तसं लिवलं म्हंजे वाऱ्यानं, हातानं जात न्हाय. वल्या फडक्यानं घासावं लागतं."

रेहाना फळ्याजवळ गेली. कुणीतरी ओलं फडकं फिरवल्यानं खडू निघाला होता. फळ्याच्या खरबरीत अंगात मुरलेली साखर तेवढी मागं राहिली होती. भूत नव्हतं. पण मेलेल्या माणसाचा हात मात्र नक्की होता, आणि ते कळल्यावर तिला जास्तच कसंसं झालं. तिनं हळूहळू वाचलं. बरंचसं पुसट होतं. तीन ठिकाणचे शब्द तेवढे लागले: "दहा हजार पत्रकं", "छापणाऱ्याचं नाव", आणि "कोण लपवतंय".

"वहिनी, बुधवारचा माफीनामा कुणी पुसला?"

"रावजी हवालदारानं. फोटो काढला नि रुमाल फिरवला."

"कोरडा रुमाल?"

"व्हय. एका हातात साफ झालं." कोकिळाचा चेहराच बदलला. "ते त्यांनी लिवलंच न्हाय! त्यांचा खडू कोरड्यानं जायचाच न्हाय!"

"पण अक्षर?"

"अक्षर काय, एका गुरुजींच्या हाताखालची पोरं ती. मागं त्यास्नी टायफॉइड झाला तवा म्हैनाभर दयाभावजीच लिवत व्हते. कुणाला फरक कळला न्हाय." आणि डोळे पुसत तिनं रेहानाचा हात घट्ट धरला. "बाई, माझा माणूस गेला तो काय आता येत न्हाय. पण पैसे खाऊन मेला म्हनतात गं! तेवढं पुसून दे."

रेहाना दुपारच्या एसटीनं श्रीवर्धनला गेली. निवडणूक कार्यालयात मंगळवारच्या सभेचं चित्रीकरण अजून तिच्या मोजणीची वाट बघत पडलं होतं. तिनं ते लावलं. पाच ते सात, पुरे दोन तास. खुर्च्या चारशे दहा. भोंगे सहा. मग ती मागं दिसणाऱ्या फळ्यावरच्या ओळी मोजायला लागली. एकदा मोजल्या, दोनदा मोजल्या. आकडा वहीत लिहिला आणि फाइल बंद केली. वरिष्ठांना काय ते सांगून तिनं रावजी हवालदाराला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता छापखान्याच्या ओटीवर पाच माणसं बसली. रावजी, कोकिळा, रेहाना, गणराज आणि दयाराम.

"रविवार आहे हो माझा," गणराज कुरकुरला. "आणि मंचाचा इथं काय संबंध? आम्ही अराजकीय आहोत."

"तेच म्हणायचंय मला," रेहाना म्हणाली. "तुमच्या बॅनरवर लिहिलंय, कार्यक्रम अराजकीय आहे. आणि भाषण संपतं एकाच उमेदवाराच्या नावानं. मंच नागरिकांचा ठरला तर मांडव, भोंगे, पत्रकं, यातला एक रुपया त्या उमेदवाराच्या खर्चात धरला जात नाही. काळूभाऊ हेच लिहीत होता. म्हणून तो मेल्यावर सगळ्यांचं बोट तुमच्याकडं जायला हवं होतं."

"मी स्टेजवर होतो! पाच ते सात!"

"होतात. मी पाहिलंय. शेरवानी घालून." रावजीला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. "रावजीभाऊ, काळूभाऊचा फोन कधी बंद पडला?"

"पाच बावीस," रावजी म्हणाला. "खिशातच होता, त्याच्यासोबतच पाण्यात गेला."

"म्हणजे पाच बावीसनंतर काळूभाऊनं काही लिहिलेलं नाही. दयारामभाऊ, तुम्ही म्हणालात माफीनामा चार वाजता लिहिला."

"हो."

"किती ओळींचा होता?"

"चार."

"सभेचं चित्रीकरण शाळेच्या वरच्या व्हरांड्यातून केलंय. तिथून टेम्पोच्या टपावरून फळा दिसतो. वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. पाच वाजता नऊ ओळी. सहाला नऊ. सातला कॅमेरा बंद झाला तेव्हाही नऊ. चार ओळी कुठंच नाहीत."

आत यंत्राजवळचा पंखा करकरत होता.

"लिहिणारा विहिरीत जाऊन दीड तास उलटला, तरी फळ्यावर त्याची खरी बातमी होती. ती अंधार पडल्यावर पुसली गेली. ओल्या फडक्यानं पुसली, आणि वर कोरड्या खडूनं माफीनामा लिहिला. तुम्ही चार वाजता तो लिहिताना पाहिलात. जे नव्हतंच ते तुम्ही पाहिलंत, दयारामभाऊ."

"कॅमेरा?" दयाराम पुटपुटला. "मंचाच्या सभेला निवडणुकीचा कॅमेरा कसा येईल? सभा अराजकीय..."

"ते वाक्य तुमच्याच यंत्रावर छापलंय. इतक्या वेळा छापलंत की तुमचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. काळूभाऊनं सोमवारी निवडणूक कार्यालयात तक्रार केली होती. कॅमेरा त्यानंच बोलावला होता."

गणराज हळूच खुर्ची मागं सरकवत होता. रावजीनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं, तसा तो थांबला.

"आणि त्या नऊ ओळींत मुख्य आरोप मंचावर नव्हता," रेहाना पुढं म्हणाली. "प्रचाराच्या पत्रकावर छापणाऱ्याचं नाव आणि प्रतींचा आकडा घालावाच लागतो. दहा हजार पत्रकं बिननावाची निघाली. ती कुणी छापली, हे काळूभाऊ विचारत होता. बाजारात छापखाना एकच आहे."

दयारामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोलला तेव्हा रेहानाशी नाही, कोकिळाशी बोलला.

"नाव अजून घातलं नव्हतं त्यानं, वहिनी. म्हणाला, दया, तू स्वतः कबूल कर, नाहीतर उद्या मला लिहावं लागेल. परवाना जाईल, खटला होईल, मी हात जोडले त्याच्यापुढं. वाडीत नेलं समजवायला. ऐकेना. ढकललं मी त्याला, रागात. विहीर मागं आहे हे ध्यानातच आलं नाही. आईशपथ."

"माझा माणूस पैसे खाऊन मेला असं लिवलंस," कोकिळा म्हणाली. "तेबी रागात?"



रावजी उठला. कोकिळानं हात वर करून त्याला थांबवलं आणि ती दयारामकडं वळली.

"पडल्यावर लगेच मेले का ते?"

"वहिनी, नको..."

"सांग."

"नाही," दयाराम म्हणाला. "हाका मारत होता."

"कुनाला?"

"मला. दया, दया म्हणून. भोंगे मोठ्यानं चालू होते. माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही."

"मंग तू काय केलंस?"

रेहानाला ते ठाऊक होतं. चित्रीकरणात पाच वाजून एकतीस मिनिटांनी एक माणूस वाडीच्या बाजूनं घाईघाईनं येतो, कपाळ पुसतो, शेवटच्या रिकाम्या खुर्चीत बसतो आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागतो. ती चारशे दहावी खुर्ची तिनं स्वतः मोजली होती.

"मी सभेत जाऊन बसलो," दयाराम म्हणाला.