बोटभर फट

मंगळवारी जेवणाची ताटं उचलली गेली की ती वॉर्डातलं लांब टेबल ओल्या फडक्याने पुसायची, पेन्सिलींना टोकं काढायची आणि प्रत्येक कागदामागे खाटेचा नंबर टाकायची. चित्रकलेचं कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या मुलीला मिळून मिळून हे काम मिळालं होतं. म्हाताऱ्यांकडून चित्रं काढून घ्यायची. मनात साचलेलं कागदावर उतरतं आणि जीव हलका होतो, असं डॉक्टर मॅडम सांगत. म्हातारी माणसं लहान मुलांसारखी निरागस असतात, असंही त्या सांगत. खाट नंबर चारच्या घरात त्या एक दिवसही राहिल्या नव्हत्या.

खाट नंबर चार म्हणजे तिचे आजोबा. हाडाचे सुतार. उभा जन्म लोकांच्या घरांना दारं बसवली आणि स्वतःच्या घरातली आदळली. बायको मरेपर्यंत तिच्याशी धड बोलले नाहीत. नातीने कॉलेज सोडलं तेव्हा तिची चित्रं टराटरा फाडून तिच्याच अंगावर फेकली. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, करवतीने पेरभर छाटलेल्या तर्जनीसकट तो आता उशीसारखा मांडीवर पडलेला असायचा. वाचाही बरीचशी गेली. माज तेवढा शाबूत राहिला.

डाव्या हाताने ते दर मंगळवारी एकच चित्र काढत. बंद दार. चौकट, तीन फळ्या, बिजागऱ्या, कडी-कोयंडा, सगळं मापात. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची टकळी अखंड चालायची म्हणून तिला सगळे रेडिओआजी म्हणत. ती टोमणा मारायची, "सुतारबुवा, दारामागे कोणाला कोंडलंय हो?" आजोबा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. कडी दोनदा गिरवत.

मॅडमच्या तक्त्यात मात्र बंद दार म्हणजे मिटलेलं मन. सलग सहा चित्रांत सुधारणा दिसली नाही तर पेशंटचे तास बंद आणि खाट मागच्या खोलीत. मागच्या खोलीतून आपल्या पायाने बाहेर आलेलं माणूस तिने पाहिलं नव्हतं. आजोबांची पाच चित्रं झाली होती.

सहाव्या मंगळवारी सगळे आपापल्या खाटांवर गेले तेव्हा तिने त्यांचा कागद पुढ्यात ओढला. म्हातारा तिला आवडायचा अशातला भाग नाही. पण शिव्या घालायला का होईना, तिला ओळखणारं तेवढंच एक माणूस जगात उरलं होतं. तिने कडी खोडली, फळीची कड सरकवली, दार बोटभर उघडं केलं. हात सफाईचा होता. मॅडमनी हिरवी खूण केली. "बघ, खुलतायत," म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी रेडिओआजी गप्प होती. तिला कधी सरळ रेघ जमली नव्हती. आज तिच्या कागदावर दार होतं. तीन फळ्या, बिजागऱ्या मापात. वीतभर उघडं.

हे कुठे पाहिलंत, असं तिने विचारलं.

"उघडंच होतं की गं..." आजी म्हणाली. "मी नाही उघडलं."

कागदाला लाकडाच्या ओल्या भुशाचा वास येत होता. गुरुवारी आजीची खाट रिकामी झाली. वय झालं होतं, असं म्हणून सगळ्यांनी चहा घेतला. त्यानंतरच्या मंगळवारी एक रिटायर हेडमास्तर, ज्यांनी आजवर फक्त नकाशे काढले होते, त्यांनी तेच दार काढलं. अर्धं उघडं. मधला काळोख त्यांनी इतका दाबून भरला होता की कागद फाटला. ते रविवारपर्यंत टिकले.

सोमवारी दुपारी ती तिन्ही उघड्या दारांचे कागद घेऊन आजोबांच्या उशाशी जाऊन बसली. त्यांनी तिच्या हातातले कागद बघितले. बराच वेळ बघितले.

"कडी... कोणी खोडली?"

"मी, आजोबा."

ते चिडले नाहीत.

"धरून... होतो मी," ते म्हणाले. "कार्टे... माझं तरी एक काम... पुरं राहू द्यायचंस."

दारामागे काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही. तिने कागद दिला, पेन्सिल दिली. फळीची रेघ चौकटीला टेकेना. तिने त्यांच्या हातावर हात ठेवून जोर लावला. दोघांच्या जोराला न जुमानता पेन्सिल मागे येत होती, पलीकडून कोणी खांदा लावावा तशी. टोक मोडलं. दुसरी घेतली, तीही मोडली. संध्याकाळची औषधं वाटायला नर्स आली तेव्हा आजोबांचा हात तिच्या हाताखाली गार पडला होता.

त्या दिवसापासून ती स्वतः बंद दारं काढू लागली. रोज एक, कडी दोनदा गिरवून. मॅडम हसून म्हणाल्या, अगं, आता तूच एकदा तासाला बस. कागद कपाटात ठेवून ती कुलूप लावायची, किल्ली गळ्यात. तीन आठवडे वॉर्डात कोणी दगावलं नाही.

चौथ्या मंगळवारी तिने कपाट उघडलं आणि ओल्या भुशाचा वास अंगावर आला. वरचा कागद तिचाच होता. कडी नव्हती. दार बोटभर उघडं होतं, आणि फळीच्या कडेवर, पलीकडून आलेली चार बोटं. एक पेरभर आखूड. दार ओढून धरणाऱ्या माणसाची असावीत तशी, नखं पांढरी पडलेली.

त्या बोटांवर आणखी बोटं होती. वरची बोटं खालच्यांना एकेक करून सोडवत होती. तिने ती वरची मोजायला घेतली आणि सातव्यावर थांबली. बोटं अजून होती.