पस्तिसाच्या पुढची टाळी

वाजवणं थांबवा, एवढंच सांगायला तो जिना उतरला होता. खाली वाद्यदुरुस्तीचं दुकान, वर त्याचा गणिताचा क्लास. दुकानदाराची लेक मघापासून टेबलावर डाव्या हाताने पाच मात्रांचा ठेका धरत होती, उजव्याने सात मात्रांचा... आणि वर मुलांच्या बेरजा चुकत होत्या.

"अहो, तुमचे दोन हात भांडताहेत."

"तेच तर मिटवतेय," कपाळावरची बट फुंकत ती म्हणाली. "नाचासाठी चाल बांधतेय. दोन्ही ठेके एका टाळीवर आले की नाच संपवायचा. पण येतात कुठे, ते मेलं कळतच नाही."

"लसावि काढा की."

"त्याला मी शाळेतच सोडून आले."

तो हसला. झालं! तक्रार राहिली बाजूला आणि शिकवणीच सुरू झाली. क्लास सुटला की तो खाली येऊन स्टुलावर बसायचा, ती खडूने टेबलावर मात्रा मांडायची. पाच साते पस्तीस तिला पटलं. पण टाळी ती पस्तिसाव्या मात्रेवरच द्यायची आणि सगळं फिसकटायचं.

"पस्तीस पुऱ्या होऊ द्या. भेट त्याच्या पुढच्या मात्रेवर," तो समजवायचा.

एका संध्याकाळी तिला ते लख्ख कळलं. पण जमलं म्हटलं तर हा उद्यापासून कशाला येईल? मग काय, बाईसाहेब रोज मुद्दाम चुकू लागल्या.

"एवढी मठ्ठ नव्हती हो आमची पोर," गिटारची तार आवळत बाबा पुटपुटले.

चाल नाचणाऱ्यांच्या हाती द्यायच्या आदल्या दिवशी त्याने खडू उचललाच नाही.

"खरा चुकणारा कुठेही चुकतो. तुम्ही रोज नेमक्या तिथेच चुकता."

तिचे कान तापले. "म्हणजे... कळलं होतं तुम्हाला? मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मला तरी खाली यायला काय निमित्त उरलं असतं?" तो टेबलाकडे बघत म्हणाला. "आवडतेस तू मला."

तिने दोन्ही हातांनी ठेके सुरू केले – पाच, सात, पाच, सात. त्याचे ओठ मोजत होते. पस्तीस झाले आणि तिने वाजवणं सोडून तळहात त्याच्यापुढे धरला.

तो गडबडला, मग त्याने टाळी दिली.

"अर्धी मात्रा उशिरा आलास," ती म्हणाली, पण हात काही तिने मागे घेतला नाही.