अडतीस हजार चारशे पन्नास

त्याची नि माझी पहिली भेट झाली ती त्याच्या पायांमुळे. म्हणजे अक्षरशः! जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनमागून दोन लांब पाय बाहेर आले होते, मी वहीत डोकं खुपसून चालत होते, आणि धाडकन आडवी झाले.

"लागलं का?" मशीनमागून आवाज आला.

"छे! मला जमीन जवळून बघायची होती!"

"मग तिथेच एक स्क्रू पडलाय. दिसला तर द्या ना…"

काय म्हणावं या माणसाला! रागारागाने मी स्क्रू शोधून दिला. तो घ्यायला तो बाहेर आला – नाकावर वंगण, डोळे हसरे – आणि माझी बोलतीच बंद झाली. ती पुढे वीस दिवस बंद राहिली. एरवी मला गप्प करायला माझ्या आईलाही जमलेलं नाही.

आमचा सिनेमा मोठा गमतीचा होता. तीस वर्षांपूर्वी पोरांनी नाणी टाकून खेळलेल्या गेममधले खेकडे एके दिवशी खरोखरच अंतराळातून गावावर चालून येतात. चौकोनी, ठिपक्यांचे, आणि चालणार फक्त आडवे. माणसं सरळ चालत सुटली तरी वाचतील, पण घाबरून तीही आडवीच पळतात! वाचवायला येतो एक पोट सुटलेला विमा एजंट, जो लहानपणी या खेळात सगळ्यांचा बाप होता.

हा स्क्रूवाला म्हणजे मेकॅनिक. मशीनं त्याच्याच मालकीची, म्हणून तोही सेटवर. माझं काम कंटिन्युइटीचं. काल हिरोचं कितवं बटण उघडं होतं, पेला अर्धा होता की पाऊण, सगळं वहीत टिपायचं, म्हणजे आजचा शॉट कालच्याशी जुळतो. मदतनीस म्हणून तीन सिनेमे झाले होते, पण एकटीच्या जबाबदारीवर हा पहिलाच. आईने बजावलं होतं, "यात घोळ घातलास तर मुकाट्याने घरी यायचं आणि मावशीच्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायचं." मावशीने तर खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती.

आणि शेवटच्या दिवशी मी घोळ घातलाच.

जेवणाच्या सुट्टीआधी साउंडवाल्याला खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची होती. "ती घरघर बंद करा रे कुणीतरी!" तो ओरडला. शूटिंगवर अशी सवयच लागते. फ्रिज असो, पंखा असो, घरघर ऐकली की हात प्लगकडे जातो. माझाही गेला, थेट खेळाच्या मशीनच्या प्लगकडे. मिनिटभर सगळे गप्प उभे राहिले, मग जेवायला पांगले. मी प्लग परत लावला…

पडद्यावर वरच्या बाजूला शून्य!

काल तिथे ३८,४५० होते. हिरोचा जुना विक्रम. खास बोलावलेल्या एका खेळाडूने तो आकडा खेळून आणला होता, आणि तो सकाळीच परतला होता. तोच आकडा मागे ठेवून निम्मा सीन काल झाला होता, उरलेला जेवणानंतर. आणि आमच्या दिग्दर्शिका बाईंचा हट्ट असा, की मशीनवर दिसेल ते मशीनवर खरंच असलं पाहिजे. नंतर कॉम्प्युटरवर चिकटवाचिकटवी नाही.

"अहो…" मी मेकॅनिकला हाक मारली. वीस दिवसांतली पहिली हाक, तीही रडवेली.

त्याने पडदा बघितला, प्लग बघितला, मग मला. "वीज गेली की हा सगळं विसरतो. वय झालंय बिचाऱ्याचं."

"परत नाही का आणता येणार?"

"येईल की. खेळून."

"मग खेळा ना!"

"मी फक्त दुरुस्त करतो हो. खेळायला लागलो की पहिल्याच खेकड्याला मरतो." त्याने नाकावरचं वंगण पुसलं. "असं करू – बाईंना सांगतो, माझ्या हातून बंद झालं. मला कोण काढणार? चारला ट्रक येतोय. मशीनं आणि मी, जातोच आहोत."

"मुळीच नाही! चूक माझी आहे. आणि… आजच जाताय?"

"आजच."

डोळ्यांत पाणी आलं ते नोकरीच्या भीतीने की त्या 'आजच'ने, देव जाणे.

मी वही उघडली. साधा खेकडा दहा, लाल खेकडा पन्नास, उडती तबकडी तीनशे – सगळं टिपलेलं होतं. "तुम्ही दांडा धरा, मी बटण दाबते. आकड्यांचा हिशेब माझ्याकडे."

मशीन एका माणसाचं, उभे दोघं. खांद्याला खांदा लागला. त्याच्या शर्टाला वंगणाचा आणि साबणाचा वास होता. हिशेबाला बसलेल्या बाईने असलं काही हुंगू नये, पण मी हुंगलं.

"डावीकडे! अहो, डावीकडे!"

"डावीकडेच आहे मी!"

"मग आणखी डावीकडे!"

पहिल्या फेरीत आम्ही ३८,४४० पर्यंत पोचलो. दहाच हवे होते… आणि घाईघाईत मी लाल खेकडा उडवला. ३८,४९०! तो वाकला आणि प्लग उपटला. "आता मुद्दाम," म्हणाला, आणि मला त्या अवस्थेतही हसू फुटलं.

सुट्टीची वीस मिनिटं उरली होती. दुसरी फेरी. ३८,३००… ३८,४००… ३८,४४०. आमचं शेवटचं यान, समोर चार लाल खेकडे, आणि कोपऱ्यात एक साधा.

"मार ना गं!" तो ओरडला.

मी मारला. ३८,४५०!

"आता हात काढा! काही मारायचं नाही! मेलो की हाच आकडा वर बसतो," तो म्हणाला.

पण खेकडे सरकायला लागले आणि माझं बोट बटणाकडे वळवळायला लागलं. त्याने दांडा सोडला आणि माझा हातच हातात घेतला. चार लाल खेकडे एकेक पायरी उतरत होते, आणि आम्ही हातात हात घालून मरायची वाट बघत उभे.

"किती वेळ लागेल?" मी हळूच विचारलं.

"त्यांना घाई नसते."

"…मलाही नाही."

त्याने चमकून बघितलं. तेवढ्यात यान फुटलं आणि वर आकडा ठाम उभा राहिला. मी तिथेच फरशीवर बसकण मारली. इतकं हलकं, इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

"मघाशी 'गं' म्हणालो… रागावलात?"

"मारला ना मी? झालं तर मग."

बाई आल्या, पहिल्याच टेकला शॉट ओके झाला. पण माझ्या पोटात कुठली गोष्ट राहायला! मी सगळं कबूल केलं. बाईंनी शांतपणे मला मॉनिटरसमोर उभं केलं. हिरोचा चेहरा स्वच्छ, आणि त्याच्यामागे मशीनच्या जागी नुसता रंगीत धुरळा.

"मागचं सगळं मी धूसर ठेवलंय, कालही होतं. तिथे तुझा फोन नंबर असता तरी कुणाला दिसला नसता."

काल मी मॉनिटरकडे बघितलंच नव्हतं. मशीनवरून आकडा टिपण्यात गुंग होते ना! सगळं युनिट खो खो हसलं.

"पुढच्या सिनेमालाही तूच," बाई म्हणाल्या. "चूक आपणहून सांगणारी माणसं मिळतात कुठे?"

चार वाजता ट्रकमध्ये तो शेवटच्या मशीनला दोर बांधत होता. तीच गाठ त्याने तीनदा सोडली, तीनदा बांधली.

"सगळी मेहनत फुकट गेली तुमची," मी म्हटलं.

"फुकट? माझी तर नाही गेली." तो दोराकडेच बघत होता. "एक विचारू? तुमचं लग्न… ठरलंय का कुठे?"

"नाही."

"मग माझ्याशी… ठरवाल?"

"अहो! आधी चहा विचारतात!"

तो कानापर्यंत लाल झाला. "चहा… घ्याल?"

"हो."

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. "तू हो पुढे, मी मागून येतो," त्याने ओरडून सांगितलं. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "आणि… त्याच्या आधी विचारलं ते?"

वीस दिवस जे बोलायचं राहिलं होतं, ते एका शब्दात मोकळं झालं.

"त्यालाही हो. पण लोकांना सांगताना चहा आधी सांगायचा हं!"