पूलवाल्याचा एकच प्रश्न

फाटलेली पँट फायलीने झाकत तो आमच्या शिवणाच्या दुकानात शिरला. नदीवरच्या नव्या पुलाचा इंजिनियर. तारेत अडकून पँट गुडघ्याखाली उसवली होती. मावशी म्हणाली, "अय्या, कळतसुद्धा नाही हो." आई मशीनवरून म्हणाली, "रस्ताभर लोक हसले असतील."

दोघी बहिणींचं ते दुकान असंच चालायचं. मावशी गिऱ्हाइकाला खरं सांगायची नाही आणि आईला खोटं बोलता यायचं नाही. मध्ये बसून मी काजं-बटणं करायची आणि रुसलेल्यांची समजूत काढायची. आता ते दुकान नाही, त्या दोघीही नाहीत. पण पायमशीनचा आवाज कुठून आला, की मी अजून दाराकडे बघते.

पँट शिवून होईपर्यंत तो बिचारा मापाच्या खोलीत, पडद्याआड. खाली नुसते मोजे दिसत होते... एक निळा, एक काळा. मला हसू आवरेना. वेळ जावा म्हणून मी मोज्यांना कोडं घातलं. वाटेला दोन फाटे, एकच गावाला जातो. तिथे दोन बहिणी उभ्या; एक नेहमी खरं बोलते, दुसरी नेहमी खोटं, पण कोण कुठली ते माहीत नाही. दोघींपैकी एकीलाच, एकच प्रश्न विचारून वाट शोधायची.

"उद्या सांगतो," पडदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो तुटलेलं बटण आणि चुकीचं उत्तर घेऊन आला. मग रोजच एक बटण, रोजच एक चूक. एकदा म्हणे, दोघींना चहा पाजीन, बोलतील आपोआप. आई म्हणाली, "पूलवाले, हा दोरा ब्लेडने कापलाय." मावशी म्हणाली, "हल्ली दोराच कच्चा येतो गं." मी खाली मान घालून बटण लावायची. कोडं कधी सुटूच नये, असं मला वाटायचं. सुटलं तर तो येईल कशाला?

आणि एका दुपारी तो बटणाशिवाय आला. पूल झाला होता, सोमवारी त्याला दुसऱ्या गावी निघायचं होतं. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

तो मावशीसमोर जाऊन उभा राहिला.

"मावशी, एकच विचारतो. तुमची भाची मला हो म्हणेल का, असं मी तुमच्या बहिणीला विचारलं, तर त्या काय सांगतील?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "माझी बहीण? ती नाहीच म्हणेल."

त्याचा चेहरा असा खुलला! माझी सुई हातातच राहिली. कोड्याचं उत्तर तेच होतं. एकीला दुसरीचं उत्तर विचारायचं आणि ते उलटं घ्यायचं.

"म्हणजे... सुटलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. पडद्याआडच."

"आणि इतकी बटणं?"

"ब्लेडने," तो म्हणाला. आईचं मशीन थांबलं. तो माझ्याजवळ आला, आवाज एकदम हळू झाला. "पण ऐकायचंय तुमच्याच तोंडून. आवडतो मी तुम्हाला?"

आई बघतेय, मावशी बघतेय. माझे कान तापले.

"नाही," मी म्हटलं, "मुळीच नाही..." आणि मान काही वर होईना.

त्याचा चेहरा पडायच्या आत मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"अगदी माझ्यावर गेलीय पोरगी," ती त्याला म्हणाली. त्या दुकानात तिच्या तोंडून खरं असं मी पहिल्यांदाच ऐकलं.